शेवट जरा सैल केला

बायको: आणि त्या दुसऱ्या गिर्यारोहकाचं काय होतं म्हणालात?

नवरा: कुठला दुसरा?

बायको: प्रवासवर्णनातला हो. दोघं मित्र बर्फाच्या डोंगरावर जातात, एक जण परत येऊन पुस्तक लिहितो. मग दुसऱ्याचं काय होतं?

नवरा: त्याला ताप येतो. तो खाली उतरतो. अगं, महिना झाला ते वाचून दाखवल्याला. आणि आत्ता माझ्या हातात गिऱ्हाइकाची पँट आहे, संध्याकाळी न्यायला येणार आहे तो.

बायको: शिवा की. हात शिवतायत, तोंड तर मोकळं आहे ना? खाली उतरतो, आणि?

नवरा: आणि तंबूत बसतो. स्टोव्ह पेटवतो. मित्र वरून आला की त्याला गरम चहा मिळावा म्हणून.

बायको: बरं. वन्सं, लक्षात ठेवा हं. ताप, तंबू, चहा.

नणंद: मला कशाला साक्षीला धरतेस वहिनी? मी आपली बाही आखूड करून घ्यायला आलेय. दादा, डावी अजून बोटभर लांब आहे बघ.

नवरा: खुंटीला लाव, बघतो. (बायकोकडे वळून) पण तू आज भरदुपारी घरी कशी गं? पुस्तकांचं दुकान बंद ठेवलं का मालकांनी?

बायको: दुकान चालू आहे. मलाच घरी पाठवलं. रहस्यकथांमधली तुम्हाला कुठली आवडली?

नवरा: पाठवलं म्हणजे?

बायको: आधी माझ्या प्रश्नाचं उत्तर.

नवरा: मला काय कळतंय त्यातलं? जन्मात पुस्तक हातात धरलं नव्हतं मी. तुझे डोळे अधू झाले म्हणून वाचायला लागलो. मी वाचायचं आणि मत तू सांगायचं, असंच चाललंय ना आपलं वर्षभर?

बायको: तरी एखादं सुचवा. समजा, मी गिऱ्हाईक आहे. काउंटरपाशी आले आणि म्हटलं, काका, एखादी झकास रहस्यकथा सांगा.

नवरा: ही काय परीक्षा आहे का?

बायको: चोराच्या मनात चांदणं! साधं पुस्तक सुचवायला सांगतेय.

नवरा: मग ती बंगल्यातली न्या म्हणेन. त्यात तो म्हातारा माळी आहे ना, कुत्र्याला पाव घालतो, त्याच्याशी गप्पा मारतो. ते वाचायला बरं वाटतं.

बायको: आणि खून कोणी केलेला असतो?

नवरा: सेक्रेटरीनं.

नणंद: काय?

नवरा: तू बाही उलटी कर आणि खुंटीला लाव.

नणंद: बाही गेली खड्ड्यात. बंगल्यातल्या त्या पुस्तकात ना? पिवळ्या कव्हरचं? वहिनी, तूच तर दिलं होतंस मला. अरे, खून माळी करतो!

नवरा: तुला दुसरं कुठलं तरी आठवतंय.

नणंद: मला? मी रहस्यकथेचं शेवटचं पान आधी वाचते आणि मग पहिल्यापासून सुरू करते. खुनी कोण ते कळल्याशिवाय मला चैनच पडत नाही. त्यामुळे बाकी सगळं विसरेन, पण खुनी नाही विसरणार. माळीच. मालकाच्या औषधात विष कालवतो तो.

नवरा: कुत्र्याला रोज पाव घालणारा माणूस खून कशाला करेल?

नणंद: ते लेखकाला जाऊन विचार, माझ्यावर काय डोळे काढतोस!

बायको: वाटलंच. मला वाटलंच होतं. सेक्रेटरी त्या दिवशी शहरातच नसतो, असं मध्येच कुठेतरी स्वच्छ लिहिलंय. माझं डोकं तिथंच अडकलं होतं. आणि मी गिऱ्हाइकांना काय सांगत होते ठाऊक आहे? भाषा चांगली आहे हो, पण लेखक कच्चा आहे, रहस्य धड सुटत नाही. कित्येक महिने त्या बिचाऱ्याचं पुस्तक मी कोणाला घेऊ दिलं नाही.

नवरा: पानं चिकटलेली असतील. दोन पानं एकदम उलटली गेली असतील माझ्याकडून.

बायको: आणि मधल्या पानांत सेक्रेटरी आपणहून आला, कबुलीजबाब देऊन गेला! चांगली दोन पानभर कबुली वाचून दाखवली होतीत तुम्ही. माझ्या आईची आठवण येते म्हणून केलं, असं काहीतरी म्हणाला होता तो.

नणंद: सेक्रेटरी? त्याला तर अख्ख्या पुस्तकात चार वाक्यं आहेत.

नवरा: तू घरी का आलीस ते सांग आधी. मालक काय म्हणाले?

बायको: सांगते. बसा वन्सं, तुम्हीही ऐका. गेल्या आठवड्यात दुकानात एक बाई आली होती. आवाज अगदी खोल गेलेला. म्हणाली, बहिणीची मुलगी गेली, शाळेत जाणारी. बहीण खोलीबाहेर येत नाही, जेवत नाही. आधी खूप वाचायची, तिला काहीतरी वाचायला द्या. कसलंही चालेल, पण त्यात कोणी मरता कामा नये.

नणंद: अगं आई गं.

बायको: मी म्हटलं, दीपगृहावरच्या बापलेकीची कादंबरी न्या. पोरगी आजारी पडते, पण बरी होते. अगदी डोळे झाकून न्या, म्हटलं मी. ह्याच शब्दांत.

नवरा: दीपगृहाची? ती कशाला दिलीस? मला विचारायचं तरी.

बायको: तुम्हाला विचारायचं? आजवर मी पुस्तक देताना तुम्हाला विचारलंय कधी? पण बघा वन्सं, ह्यांना कसं लगेच कळलं, की ती द्यायला नको होती.

नवरा: तसं नाही म्हणालो मी.

बायको: आज सकाळी ती बाई परत आली. पुस्तक काउंटरवर ठेवलं. भांडली असती, चार शिव्या दिल्या असत्या तर परवडलं असतं. नुसतं एवढंच म्हणाली, तुम्ही हे वाचलंय? आणि गेली. मालक गल्ल्यावर होते, ते उठून आले. म्हणाले, काय होतं हो शेवटी ह्यात? मी छातीठोकपणे सांगितलं. पोरीचा ताप उतरतो, वादळ थांबतं, बापलेक पायरीवर बसून चहा पितात. मालकांनी शेवटची पानं चाळली. पुस्तक मिटलं तेव्हा एवढा आवाज आला, की मला काय ते कळलं.

नणंद: मग?

बायको: मग म्हणाले, बाई, तुम्ही लोकांच्या गळ्यात घातलेली आणखी चार पुस्तकं न्या घरी. नीट वाचा. उद्या मी एकेकाचा शेवट विचारणार. सांगता आला नाही, तर परवापासून काउंटर सोडायचा आणि मागे गोदामात खोकी भरायची. त्यांना वाटतं मी वाचतच नाही. पुस्तकाच्या पाठीवरचा मजकूर बघते आणि थापा मारते. वीस वर्षं लोक माझ्या शब्दावर पुस्तकं नेतायत. कोणाला पहिल्यांदा काय द्यावं, कोणाला कुठलं झेपणार नाही, हे मालकांना नाही कळत, मला कळतं. तेवढी एकच गोष्ट मला येते. आणि आज भर दुकानात मी खोटारडी ठरले.

नवरा: त्यांना सांग ना डोळ्यांचं.

बायको: काय सांगू? अक्षर न दिसणारी बाई पुस्तकाच्या दुकानात कोण ठेवून घेईल? कपाटं पाठ आहेत, जाडी हाताला कळते, बिलं दुसरी मुलगी करते, म्हणून निभतंय. फक्त डोळे बरे होईपर्यंत निभवायचं, एवढंच डोक्यात होतं माझ्या.

नवरा: मग त्यात काय एवढं? पाच शेवट तर आहेत. आण इकडे, आत्ता वाचून दाखवतो. पँट राहू दे.

बायको: तुम्ही नाही! पुस्तकांच्या पिशवीला हात लावू नका. वन्सं वाचतील. शेवटची पानं वाचण्यात त्यांचा हात कोण धरणार?

नणंद: टोमणा कळला हं. दे. कुठलं काढू?

बायको: डोंगराचं.

नणंद: हे. थांब, चष्मा. इथं लिहिलंय... दोर तुटला... तो दरीत गेला... तीन दिवस ह्यानं शोधलं, मग खालच्या लोकांनी ह्याला ओढत खाली नेलं. शेवटची ओळ आहे, ‘त्याचे हातमोजे अजून माझ्याकडे आहेत, ते मी घालत नाही आणि टाकतही नाही.’

बायको: ताप. तंबू. चहा.

नवरा: एखाद्या पुस्तकात गडबड होते.

बायको: आता ते सैनिकाचं आत्मचरित्र. त्याच्या पायाला काय होतं म्हणालात?

नवरा: मुरगळतो.

नणंद: मुरगळतो? दादा, इथं तर कापतात रे.

नवरा: ते माहीत आहे मला.

बायको: माहीत आहे? आत्ता पानं चिकटली नाहीत वाटतं? अहो, मला संशय कधीपासूनचा होता. म्हटलं, आपणच म्हाताऱ्या झालो, आपल्यालाच सगळी पुस्तकं सारखी वाटायला लागली. एक लेखक शंभर वर्षांपूर्वीचा, एक कालचा पोरगा. एक समुद्रावरचा, एक तुरुंगातला. पण शेवट जवळ आला की सगळे मेले चहा टाकतात! ती विज्ञानकथा आठवते? यान दुसऱ्या ग्रहावर उतरतं, तिथं हवा नाही की पाणी नाही, आणि कप्तान चहा टाकतो! वर त्या कप्तानाच्या कोटाला आतून तुरपाई. कुठला लेखक तुरपाई लिहितो हो?

नवरा: चांगल्या कोटाला असतेच तुरपाई.

नणंद: देवा! हसू की रडू? अरे, तू शिंपी आहेस की लेखक?

बायको: तुम्ही हसू नका वन्सं. आणि तो कवितासंग्रह? मधली पानं फाटली आहेत म्हणून बाजूला ठेवलात. फाटली होती का?

नवरा: नाही.

बायको: मग?

नवरा: कवितेत काही करता येईना. एक शब्द काढला की सगळी उसवते. म्हणून फाटलंय म्हणालो.

बायको: म्हणजे कबूल. वर्षभर मी तुमचीच पुस्तकं ऐकत होते. आणि लोकांना छातीवर हात ठेवून सांगत होते, मी वाचलंय. कुंपणानंच शेत खायचं ठरवलं, तर माणसानं जायचं कुठं? मी काय कुक्कुलं बाळ आहे? मला रडू येईल, मी घाबरेन, म्हणून साखर पेरत बसलात?

नवरा: तुझ्यासाठी नाही केलं ते.

बायको: मग कोणासाठी?

नवरा: मलाच वाचवेना.

नणंद: म्हणजे काय रे?

नवरा: तुम्ही दोघी लहानपणापासून वाचताय. तुम्हाला सवय आहे. माणसं येतात, मरतात, पुस्तक मिटलं की तुम्ही भाजी निवडायला मोकळ्या. मला नाही जमत. तो गिर्यारोहक दहा दिवस ह्या खोलीत होता. ह्या मशीनपाशी. त्याच्या आईला तो काय काय म्हणतो, ते सगळं माझ्याच तोंडून गेलेलं. आणि मग पुढची ओळ दिसते, दोर तुटला. मी नाही उच्चारलं तर तो पडत नाही, असं वाटतं गं. मी म्हटलं की पडणार. मग हात आपोआप तिकडं वळतो. कपडा अंगात घट्ट बसायला लागला की आत दुमडलेलं कापड असतं ना, ते सोडतो आम्ही. तसा शेवट जरा सैल केला. एवढंच.

बायको: जरा? मेलेली माणसं उठवून बसवलीत!

नवरा: पहिल्यांदा चुकून झालं. ते सैनिकाचंच. कापतात असं लिहिलं होतं, तोंडातून मुरगळतो गेलं. तू म्हणालीस, बरं झालं बाई. मला पण बरं वाटलं. मग पुढच्या पानावर त्याला लंगडत चालवावं लागलं, मग नाचवावं लागलं. एक टाका चुकला की पुढचे सगळे तसेच घालावे लागतात.

बायको: बोलण्यात मला गुंडाळू नका. मला राग आलाय आणि तो असा जाणार नाही.

नवरा: येऊ दे ना. यायलाच हवा.

नणंद: जाऊ दे वहिनी. माणूस हळवा आहे, आता काय फासावर देतेस? मी आहे ना, पाचही शेवट तुला वाचून दाखवते, तू उद्या घडाघडा म्हणून दाखव. आणि दादा, विजेचं बिल तरी आहे तेवढंच वाचतोस ना रे? का तिथंही चहा?

(मशीन थांबतं. बायको त्या दिशेला मान वळवते.)

नणंद: अगं, गंमत केली. काय झालं?

बायको: मशीन का थांबवलंत?

नवरा: दोरा संपला.

बायको: अहो. डॉक्टर काय म्हणाले होते?

नवरा: कुठले डॉक्टर?

बायको: पहिल्यांदा गेलो होतो तेव्हा. माझ्या डोळ्यांत औषध घालून मला बाहेर बाकावर बसवलं. सगळं धुरकट झालं होतं. तुम्ही आत गेलात. बऱ्याच वेळानं आलात. काय सांगितलंत मला?

नवरा: जे म्हणाले तेच.

बायको: तेच परत सांगा. वन्सं इथं आहेत.

नवरा: आतून सूज आहे. हळूहळू उतरेल. वर्ष-सव्वा वर्षात अक्षरं दिसायला लागतील.

बायको: आणि पुढे? आठवतंय मला, तुम्हाला नसेल. म्हणालात, डॉक्टर अगदी देवमाणूस आहेत, मला चहा विचारला. बाहेर साठ माणसं खोळंबलेली, त्यात डॉक्टर शिंप्याला चहा विचारतो. तेव्हा नाही खटकलं. तेव्हा मला तुमचे शेवट कुठं माहीत होते? विचारला का चहा?

नवरा: नाही.

बायको: मग काय म्हणाले? वन्सं, तुम्ही का खाली बघताय? मला अक्षरं दिसत नाहीत, मान दिसते.

नणंद: दादा, सांग रे आता. ताकाला जाऊन भांडं किती दिवस लपवणार?

बायको: तुम्हाला माहीत होतं!

नणंद: माझं तुला ठाऊकच आहे, शेवट आधी कळल्याशिवाय मला राहवत नाही. तुम्ही दवाखान्यातून आलात, मी ह्याला जिन्यात गाठलं. ह्यानं माझ्याकडून शपथ घेतली. पुस्तकांचं मला खरंच माहीत नव्हतं वहिनी. पण हे होतं. दर वेळी इथून जाताना ह्याला म्हणायचे, सांगून टाक.

बायको: सगळ्या घराला ठाऊक, आणि डोळे माझे.

नवरा: सांगणारच होतो. शपथेवर. दारातून बाहेर येईपर्यंत शब्द जुळवत होतो. तर तू त्या बाकावर डोळे मिटून बसलेली. शेजारच्या कुठल्याशा बाईला पुस्तक सुचवत होतीस. म्हणत होतीस, तुमचे डोळे बरे झाले की पहिलं हे वाचा, मी पण तेच वाचणार आहे. ती बाई हसली. तूही हसलीस. मला नाही म्हणता आलं.

बायको: काय नाही म्हणता आलं? म्हणा आता.

नवरा: डोळ्याच्या मागची नस सुकत चाललीय. जेवढी सुकली तेवढी गेली, ती परत येत नाही. अक्षरं आता दिसणार नाहीत. डोळ्यांतले थेंब वेळच्या वेळी पडले तर उरलंय ते टिकेल. माणसं दिसतील, दार, खिडकी, रस्ता. थेंब चुकले तर तेही जाईल. पुढच्या खेपांना मी आधी आत जाऊन डॉक्टरांना सांगून ठेवलं, तिच्यासमोर बोलू नका.

बायको: थेंब चुकले तर?

नवरा: म्हणून तर रोज विचारतो ना मी. दुपारचे घातलेस का, संध्याकाळचे घातलेस का.

बायको: आणि मी हो म्हणते.

नवरा: हो म्हणतेस म्हणजे? घालत नाहीस?

बायको: घरी घालते.

नवरा: आणि दुकानात? दुपारचे?

बायको: काउंटरवर बाटली काढली की मालक बघतील, विचारतील. मला वाटलं, वर्षभरात बरंच होणार आहे, एखाद्या दिवशी चुकले तर काय बिघडतं?

नवरा: एखाद्या दिवशी? खरं सांग. किती वेळा चुकलं?

बायको: तुम्ही मला खरं सांगा म्हणताय?

नवरा: अगं, हसण्यावारी नेऊ नको! किती?

बायको: दुकानात असले की नाहीच घालत. सुट्टीच्या दिवशी तेवढे.

नवरा: म्हणजे वर्षभर? रोज? मी विचारायचो, तू हो म्हणायचीस, आणि बाटली पर्समध्ये तशीच? मी इथं मशीनवर बसून घड्याळाकडे बघायचो, म्हणायचो, आता घातले असतील तिनं.

बायको: मला काय माहीत त्या थेंबांवर काय आहे! तुम्ही सांगितलं होतंत का? सूज आहे म्हणालात, उतरेल म्हणालात! खरं सांगितलं असतंत, तर मालकांच्या नाकावर टिच्चून काउंटरवर बसून घातले असते.

नणंद: पुरे दोघांचं! एकानं शेवट बदलला, दुसरीनं थेंब चुकवले. मोजायला बसलात तर रात्र होईल. वहिनी, गेल्या काही महिन्यांत कमी झालंय का गं? मगाशी म्हणालीस, माझी मान दिसते.

बायको: दिसते. पण चेहरा नाही दिसत हल्ली. आधी दिसायचा.

नवरा: मला का नाही सांगितलंस?

बायको: तुम्ही म्हणाला होतात उतरेल. म्हटलं, उतरायच्या आधी वाढत असेल.

नवरा: माझ्यामुळे झालं हे.

बायको: हो, तुमच्यामुळे. थोडं माझ्यामुळे. रडू नका, मला आत्ता तुमची समजूत काढता येणार नाही. वन्सं, ह्यांना पाणी द्या.

नणंद: घे. आणि तुला?

बायको: मला काही नको. खरं सांगू का? दिसणार नाही हे ऐकून वाटायला हवं होतं तेवढं वाईट अजून वाटलेलं नाही. उद्या वाटेल कदाचित. दिवसेंदिवस मी एकटीच हिशेब करत होते, की डॉक्टर म्हणतात बरं होईल आणि मला तर कमीच दिसतंय, म्हणजे हे काहीतरी भलतंच असणार, डोक्यातलं वगैरे. वेड लागायची पाळी आली होती. निदान आता कळलं, की मी चुकत नव्हते.

नवरा: उद्या सकाळीच जाऊ दवाखान्यात. पहिला नंबर लावतो.

बायको: जाऊ. पण आत मी जाणार. तुम्ही बाकावर बसायचं.

नवरा: बसतो.

बायको: तिथून मी दुकानात जाईन. मालकांना सांगणार आहे, मी वाचते, पण कानांनी वाचते. मागच्या वर्षातले शेवट चुकलेत, त्याआधीची वीस वर्षं माझी आहेत. ठेवायचं तर काउंटरवर ठेवा, नाहीतर गोदामात खोकी भरेन. आणि थेंबांची बाटली त्यांच्या गल्ल्याशेजारी ठेवणार.

नणंद: आणि यापुढे वाचून कोण दाखवणार? मी येत जाईन रोज दुपारी. मला बाई पुस्तकात कोणी मेलं तरी काही वाटत नाही. धडाधड वाचेन.

बायको: तेच तर वन्सं. तुम्हाला काही वाटत नाही. हेच वाचतील.

नवरा: मी? आता माझ्यावर विश्वास कसा ठेवशील?

बायको: विश्वास नाहीये. तो काय बटण आहे, तुटलं की लावून द्यायला? वन्सं बसतील शेजारी, पुस्तकात नजर घालून. एक शब्द इकडचा तिकडे झाला की मला सांगतील. पण वाचायचं तुम्हीच. ज्याच्या घशात शब्द अडकतो, त्याच्याच तोंडून ऐकायचंय मला. तो कुठं अडकला, ते मला लोकांना सांगता येईल. हे न्या, पण ह्या ठिकाणी जपून, असं.

नवरा: जमेल असं वाटत नाही मला.

बायको: नाही जमलं तर थांबायचं. थांबलात तरी चालेल. बदलायचं नाही. द्या वन्सं, ते दीपगृहाचं ह्यांच्या हातात द्या.

नवरा: आत्ता? आत्ताच?

बायको: ती बाई मला विचारून गेलीय, तुम्ही हे वाचलंय का? मला तिच्याकडे जायचंय. जाऊन काय बोलायचं ते ठाऊक नाही, पण निदान त्या प्रश्नाला हो म्हणून जायचंय. ती पोरगी आजारी पडते, वादळ सुटतं, बोट येऊ शकत नाही, बाप रात्रभर वर दिवा सांभाळतो आणि खाली पोरीपाशी येऊन बसतो. इथवर खरं होतं ना?

नवरा: इथवर खरं होतं.

बायको: मग पुढे.

(नवरा पान काढतो. नणंद खुर्ची ओढून त्याच्या शेजारी बसते.)

नवरा: अगं, ती जाते. पहाटे. बाप वर गेलेला असतो तेव्हा.

बायको: असं सांगू नका. लिहिलंय तसं वाचा.